लळा लागायच्या वयात

एप्रिलच्या सुरुवातीला साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपतो, आणि आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर परत येऊ लागतात. तीन वर्षांपूर्वी असाच एक ट्रॅक्टर शेजारच्या वस्तीवर आला. साडेपाच महिन्यांनी सांगलीकडून परतलेली सून ट्रॉलीतून उतरली ती थेट ओट्याकडे धावली. दोन वर्षांचा मुलगा आजीच्या पदराआड उभा होता. तिनं हात पुढे केले, तर त्यानं तोंड फिरवलं. रडला असता तरी बरं वाटलं असतं. घरी कुणी पाहुणी आली असावी तसं त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आजीचं लुगडं मुठीत धरून तो मागे सरकला. जमलेल्या बायका हसल्या. "आता आजीचंच झालंय की ते," कुणीतरी म्हणालं. सून माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "मव्हं लेकरू मला वळखंना, बाई."

त्या दिवशी मी तिला काही उत्तर दिलं नाही. ते आता जरा सविस्तर आणि सगळ्यांसमोर द्यावं म्हणून हे लिहिते आहे. प्रश्न तिच्या एकटीचा नाही. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या जालना, परभणी, धाराशिवच्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला निघतात. लाखांत मोजावी इतकी माणसं. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी तीन वर्षांच्या आतलं लेकरू असतं. ते एकतर आई-बापाबरोबर उसाच्या फडात जातं, नाहीतर मागं राहतं. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात आली की आई-बाप एका रात्रीत ठरवतात, आणि त्या ठरवण्याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, बहुतेक वर्षं पहिलीच्या वर्गावर. मधल्या सुट्टीत पोरं पडतात, गुडघे फुटतात. बहुतेक पोरं रडत बाईंकडे येतात, फुंकर घालून घेतात, डोळे पुसतात आणि पुन्हा पळतात. पण दरवर्षी दोन-चार लेकरं अशी असायची की पडली तरी कुणाकडे यायची नाहीत. धूळ झटकायची, भिंतीला टेकून उभी राहायची. सुरुवातीची दहा-बारा वर्षं मी त्यांना 'शहाणी' म्हणायचे. त्रास देत नाहीत, हट्ट करत नाहीत, गुणाची आहेत असं पालकांनाही सांगायचे. लागल्यावर कुणाकडे धाव घ्यायची हेच ज्याला ठाऊक नाही, त्या लेकराला मी शहाणं ठरवत होते. ही चूक माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. त्यांतल्या काहींना अक्षरं पटकन यायची, पण अडलं की ती विचारायची नाहीत. पहिलीत न विचारणारं पोर चौथीत मागं पडतं आणि सातवीत शाळा सोडतं. दरवेळी असंच होतं असं नाही, पण मी हे पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या नात्यासाठी 'आसक्ती' किंवा 'भावबंध' असे शब्द भेटतात. मला आपला 'लळा' जास्त नेमका वाटतो. लळा लागावा लागतो, त्याला दिवस जावे लागतात, आणि तो अमुक एका माणसाचा लागतो. पहिले काही महिने तान्हं मूल कुणाच्याही मांडीवर राहतं. सहा-आठ महिन्यांच्या सुमाराला ते माणसं निवडू लागतं. परक्यानं उचललं की ओठ काढतं, आपल्या माणसाकडे झेपावतं. तिथपासून अडीच-तीन वर्षांपर्यंतचा काळ हा लळा पक्का होण्याचा. ऊसतोडीचा एक हंगाम पाच-सहा महिन्यांचा धरला, तर या काळात दोन, कधी तीन हंगाम येतात.

मूल दुरावल्यावर काय होतं, हे सत्तरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन या अभ्यासकांनी बारकाईनं टिपून ठेवलं आहे. त्या काळी तिथल्या इस्पितळांत आजारी मुलांना आई-बापांना फार भेटू देत नसत, कारण ते आले की मुलं रडतात. रॉबर्टसन मुलांच्या खाटांजवळ बसून पाहत राहिले. आधी मूल आकांत करतं. मग ते गप्प, खिन्न होतं. शेवटी ते हसू-खेळू लागतं, कुणी दिलेलं खातं, आणि आई आली की तिच्याकडे पाहत नाही. परिचारिका म्हणायच्या, 'रुळलं बघा'. रॉबर्टसन यांचं म्हणणं होतं की रुळण्यासारखं दिसणारं हे गप्प बसणं सगळ्यांत जास्त काळजीचं आहे. ओट्यावर बायका हसल्या तेव्हा मला त्या परिचारिका आठवल्या. लेकरू आईला विसरलं नव्हतं. पाच महिने वाट पाहून पाहून त्यानं ती वाट बंद केली होती.

इथं एक धोका आहे. त्याबद्दल आधीच बोललं पाहिजे, कारण हे शास्त्र अर्धवट सांगितलं की त्याची काठी थेट बाईच्या पाठीत बसते. १९५१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्याचा अर्थ पुष्कळांनी 'आईनं घरातून हलता कामा नये' असा लावला. वीस वर्षांनी, १९७२ मध्ये मायकेल रटर या मनोविकारतज्ज्ञानं सगळा पुरावा पुन्हा तपासला. आई क्षणभरही दूर जाऊ नये, असं तो पुरावा सांगत नव्हता. मूल एकाहून अधिक माणसांना जीव लावतं, आणि त्यांतली माणसं टिकून असली तर ते तरतं. मुळात लळ्याचा हा अभ्यास काही शहरी प्रयोगशाळेत सुरू झाला नाही. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाच्या आसपासच्या खेड्यांत २६ घरी जाऊन बसल्या. तिथल्या बाया शेतात राबत होत्या, लेकरं कधी आईपाशी तर कधी दुसऱ्या कुणापाशी. मूल अंगावरून तोडताना त्याला आजीकडे पाठवायची तिथं जुनी चाल होती. एन्सवर्थ यांना खरं तर त्याचाच अभ्यास करायचा होता, पण ती चाल तोवर मागं पडली होती. त्यांना दिसलं ते हे: ज्या लेकराच्या हाकेला कुणीतरी नेमानं ओ देतं, ते त्या माणसापासून दूर रांगत जातं, मागं वळून पाहतं, पुन्हा पुढं जातं. पाठीशी माणूस असला की पुढं जायचा धीर येतो.

म्हणून माझं म्हणणं आईविरुद्ध आजी असं नाहीच. दुधापेक्षा साय जास्त जपली जाते, हे आपल्या म्हणीला शास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. तीन वर्षांच्या आत एक तरी माणूस टिकून राहिलं पाहिजे, आणि ते टिकवणं हे एकट्या घराचं नव्हे, सरकारचं आणि कारखान्यांचंही काम आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

आमच्याकडे हा विषय काढला की लगेच एक उत्तर मिळतं. "रानातली पोरं काटक असतात, बाई. आपण नाही का वाढलो?" मलाही ते पटायचं, कारण मी तशीच वाढले आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी हे आमचं खाणं. त्यातलं मला स्वतःला जवळजवळ काहीच आठवत नाही. आठवते ती आजीची मांडी आणि तिच्या वाकळेचा वास. दुष्काळातून मी तगले ते अंगच्या काटकपणानं, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. तो काटकपणा उसना होता. आजीनं तो दिला होता, तेव्हा मला तो माझाच वाटला.

हवाई बेटांतल्या कवाई नावाच्या बेटावर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा जवळजवळ चाळीस वर्षं मागोवा घेतला. मळ्यांत राबणाऱ्या गरीब कुटुंबांतली मुलं त्यांत पुष्कळ होती. ज्यांच्या वाट्याला लहानपणीच गरिबी, घरातली भांडणं, आई-बापांचं व्यसन किंवा आजार अशा अनेक अडचणी एकदम आल्या, त्यांतली साधारण एकतृतीयांश मुलं मोठी होऊन सक्षम, मायाळू, कामसू माणसं झाली. ती कशी सावरली हे शोधताना एक गोष्ट सारखी समोर आली: त्यांना लहानपणी किमान एक तरी माणूस खात्रीचं मिळालं होतं. ते माणूस आई असेल असं नाही. कुणाला आजी, कुणाला मावशी, कुणाला थोरली बहीण. पुढच्या वयात शिक्षकानंही हात दिलेला होता. काटक म्हणून आपण ज्या पोरांचं कौतुक करतो, त्यांच्यामागचं ते माणूस आपल्याला दिसत नाही. आणि उरलेली दोनतृतीयांश आपल्या गोष्टींत येतच नाहीत. आपण नाही का वाढलो, असं म्हणायला वाढलेलेच शिल्लक असतात.

दुसऱ्या टोकाला जाऊन 'पहिल्या तीन वर्षांत बिघडलं ते कायमचं बिघडलं' असं म्हणणारेही भेटतात, विशेषतः शिकलेल्या घरांत. तेही खरं नाही. रुमानियात १९८९ नंतर सरकारी अनाथालयांतली हजारो मुलं जगापुढे आली. पुढे बुखारेस्टमध्ये अशा १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास झाला. काहींना, निवडून प्रशिक्षण दिलेल्या कुटुंबांत घर मिळवून दिलं, बाकीची संस्थेत राहिली. घरात गेलेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त चांगली सावरली. उशीर झाला तर किंमत पडते. दार मात्र बंद होत नाही. मी पहिलीच्या वर्गात सहा वर्षांच्या लेकरांना लळा लागताना पाहिला आहे. तो लागायला दिवाळीपासून होळीपर्यंतचा वेळ लागतो, आणि मध्येच बाईंची बदली झाली तर लेकरू पुन्हा भिंतीला टेकून उभं राहतं.

आता आपल्या योजनांकडे बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वयाचा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, साखरशाळा निघाल्या, संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहं निघाली. सगळी शाळकरी मुलांची, आणि ती हवीच होती. २०२० चं शैक्षणिक धोरण थोडं खाली उतरलं, ते तिसऱ्या वर्षापाशी थांबलं. तीनच्या आतल्या लेकराला अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो, त्याचं वजन होतं, लस टोचली जाते. २ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेल्या या कामानं किती लेकरं वाचवली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि अंगणवाडीताईंच्या तुटपुंज्या मानधनावर हे सगळं उभं आहे याची मला लाज वाटते. पण लेकराचं वजन किती हे विचारलं जातं तसं लेकरू रात्री कुणाजवळ झोपतं हे विचारलं जात नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'नवचेतना' हा आराखडा आणला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत मुलाशी कसं बोलावं, खेळावं हे घरी जाऊन दाखवायचं, अशी त्याची कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. पण ज्या लेकराचं घर म्हणजे सहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यातली उसाच्या पाचटाची कोपी, तिथं घरभेट कोण देणार?

फडातलं चित्र तर सगळ्यांना माहीत आहे. पहाटे अंधारात तोड सुरू होते. लेकरू बांधावर, पाचटावर, नाहीतर झाडाला बांधलेल्या झोळीत. त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, म्हणजे माझ्या दुसरीच्या वर्गातलं एक रिकामं नाव. आई मोळ्या वाहते. लेकरू रडलं तर तिला थांबता येत नाही, कारण एक दिवस पडला की खाडा आणि खाड्याला दंड. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, या एका शब्दात सगळं आलं. कोयत्याला लेकरू असतं, हे त्या हिशेबात धरलेलंच नाही. त्या बाईची माया काही कमी नसते. तिचा दिवस तिच्या हातात नसतो.

आणि ती बाई तरी केवढी असते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. परभणीत हे प्रमाण त्याहून जास्त. वयात आलेली मुलगी मागं एकटी कशी ठेवायची या धास्तीनं लग्न उरकतात, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. जिचं स्वतःचं लहानपण फडात भावंडं सांभाळण्यात गेलं, ती सतराव्या वर्षी आई होते.

मराठवाड्याला शिक्षणाचं वेड नाही असं कुणी म्हणू नये. लातूर पॅटर्न आपल्याच मातीतला. बारावीच्या पोरासाठी इथला बाप एकरभर रान विकतो. दोन वर्षांच्या पोरासाठी मात्र गाव, पंचायत, पुढारी यांतलं कुणीच काही मागत नाही, कारण त्याची परीक्षा नसते आणि निकालाचा बॅनर लागत नाही.

मागायचं काय? माझ्या मते पहिलं मागणं आजीसाठी. हंगामात गाव म्हाताऱ्यांचं आणि लेकरांचं होतं. साठीची बाई, गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि पदरात तीन-चार नातवंडं. ती सरकारचं काम फुकटात करते आहे. बालसंगोपन योजनेत अनाथ आणि एकल पालकांच्या मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. हंगामापुरती ही रक्कम तीन वर्षांच्या आतलं नातवंड सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना द्या. दसऱ्याच्या आधी ग्रामसभेत यादी करा: कोणतं लेकरू, कुणापाशी राहणार, त्या माणसाची तब्येत कशी. अंगणवाडीताईला या घरभेटींचे वेगळे पैसे द्या, आणखी एक रजिस्टर तिच्या गळ्यात फुकट अडकवू नका.

दुसरं मागणं फडासाठी. कारखाने गाळपाच्या टनामागे १० रुपये ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी देतात असं ठरलेलं आहे. त्यांतून मजुरांच्या तळावर पाळणाघर निघू शकतं, आणि ते चालवायला तळावरच्याच एक-दोन बाया, ज्यांना आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे तोड झेपत नाही अशा, मजुरी देऊन ठेवता येतील. त्यांची भाषा तीच, लेकरं ओळखीची, आणि पूर्ण हंगामभर माणूस तेच. यात नवं काही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुलं आली तर ती सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला २०१७ पासून पाळणाघर बंधनकारक आहे. एकेका कारखान्यासाठी हजारो बाया ऊस तोडतात, पण त्या कागदावर कारखान्याच्या नसतात, मुकादमाच्या असतात. ही पळवाट कायद्यानं बुजवली पाहिजे.

"खर्च कोण करणार?" असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की खर्च आजही होतो आहे. तो आजीचे गुडघे करतात, दुसरीतून नाव गळालेली मुलगी करते, आणि पुढे न विचारणारं, न रडणारं पोर जन्मभर करतं.

तिसरी गोष्ट कुणाकडे मागायची नाही, घरातच करायची आहे. आमच्याकडे लेकरू झोपलेलं असताना निघून जायची पद्धत आहे. आईलाच ते रडणं सोसवत नाही, म्हणून पहाटे गाडी निघते आणि लेकरू उठतं तर आई नाही. मग ते आजीलाही सोडत नाही, झोपायलाही भितं, कारण मागच्या वेळी झोपेतच सगळं गेलं. सांगून जा. दीड-दोन वर्षांच्या पोराला शब्द सगळे कळत नाहीत, पण आई समोरून गेली एवढं कळतं. जायच्या आधी दहा-पंधरा दिवस त्याला आजीपाशी झोपवायची सवय लावा. अंगावरचं जुनं लुगडं न धुता मागं ठेवा. रोज ठरल्या वेळी फोन करा, आणि लेकरू बोललं नाही, तोंड फिरवलं तरी बोलत राहा. परत आल्यावर त्यानं ओळख दिली नाही तर ओढून कडेवर घेऊ नका. आजीशेजारी बसा, आजीच्या हातानंच घास भरवू द्या, आणि थांबा.

त्या सुनेला हे सगळं मी पुढच्या भाद्रपदात सांगितलं. तोवर मुलगा तिला पुन्हा चिकटला होता, इतका की ती विहिरीवर गेली तरी तो मागं यायचा. या वेळी ती दिवसाउजेडी निघाली. त्यानं ओढ्याच्या पुलापर्यंत आकांत केला, गाडी थांबवावी लागली, मुकादम वैतागला, आणि आजी त्याला उचलून परत घेऊन आली. तीन रात्री वस्तीवर कुणाला धड झोप नव्हती. चौथ्या दिवशी त्यानं आईचं लुगडं मागून घेतलं आणि ते पांघरून झोपला.

एप्रिलमध्ये ट्रॅक्टर आला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. तो आजीच्या पाठीमागेच उभा होता. आई ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, त्याच्याकडे न बघता पिशवी सोडू लागली. पुष्कळ वेळ गेला. मग तो पुढं आला आणि त्यानं तिच्या पाठीवर जोरात एक चापट मारली, दुसरी मारली, आणि मग मोठ्यानं रडायला लागला.